बँकेचा कॉल तुम्हीही रेकॉर्ड करा : आईच्या 3,540 रुपयांचा अनुभव

"मीच नीट ऐकलं नसेल गं," असं आई म्हणाली, त्या दिवशी मला खरा राग आला. तोवर तिच्या खात्यातून 2,124 रुपये गेले होते. पण 74 वर्षांच्या, कान आणि डोकं दोन्ही शाबूत असलेल्या बाईला स्वतःच्या कानांवर शंका यायला लागली, हे मला पैशांपेक्षा जास्त लागलं. तुमच्या घरी कुणी वयस्कर माणूस बँकेचे फोन एकट्याने करत असेल, तर हे कृपया शेवटपर्यंत वाचा.

बाबा गेल्यावर जॉइंट खात्यातून त्यांचं नाव काढायला आई कोथरूडमधल्या आपल्या शाखेत गेली. एकटीच गेली, मी ऑफिसात होते. तिथल्या अधिकाऱ्याने चार-पाच कागद पुढे केले. "काकू, इथे, इथे आणि मागच्या पानावर सही. सीनियर सिटिझनच्या सगळ्या सवलती मिळतील." त्यातला एक कागद खात्याचा प्रकार बदलण्याचा होता. जुन्या खात्याला मिनिमम बॅलन्स 10,000 होता, नव्याला 25,000. हे तिला कुणीही सांगितलं नाही. नंतर मी त्या फॉर्मची प्रत मागून घेतली. आईच्या सह्या काळ्या शाईत होत्या, कारण ती पर्समधलं स्वतःचंच पेन वापरते. "खाते प्रकार बदलावा" या चौकोनातली टिक मात्र निळ्या पेनाची होती.

आईच्या खात्यात साधारण चौदा हजार असतात. मिनिमम बॅलन्स बहुतेक ठिकाणी महिन्याच्या सरासरीवर मोजतात. रोज दिवसअखेरची शिल्लक घ्यायची, तिची बेरीज करायची आणि महिन्याच्या दिवसांनी भागायची. जुन्या हिशोबात आई आरामात बसत होती. नव्या हिशोबात दर महिन्याला 600 रुपये दंड आणि त्यावर 18 टक्के जीएसटीचे 108, असे 708 जायला लागले. पासबुक भरून आणलं तेव्हा दंड आणि जीएसटी अशा दोन ओळी एकाखाली एक दिसल्या. तिला वाटलं मशीनने चुकून काहीतरी छापलं असावं.

डेबिट कार्डाच्या मागच्या नंबरवर तिने फोन केला. (नंबर कायम कार्डावरून किंवा पासबुकावरून घ्या. गुगलवर शोधलेल्या कस्टमर केअरच्या नंबरांत भामट्यांचे नंबर मिसळलेले असतात.) पलीकडची मुलगी गोड बोलली. "रिक्वेस्ट घेतली आहे मॅडम, सात वर्किंग डेजमध्ये पैसे रिव्हर्स होतील आणि खातं जुन्या स्कीममध्ये जाईल." आईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहिलं, "बँक, 7 दिवस." सात दिवस गेले, महिना गेला, पुन्हा 708 कापले. दुसऱ्या फोनला कळलं की रिक्वेस्ट घेतलेलीच नाही, फक्त "चौकशी" अशी नोंद आहे. तिसऱ्यांदा पैसे गेल्यावर तिने पुन्हा फोन केला, तेव्हा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, असं आश्वासन आमच्याकडून दिलं जात नाही. तुमचा काहीतरी गैरसमज झालाय." आई म्हणाली, तुमचे कॉल रेकॉर्ड होतात ना, मग ऐका की. त्यावर उत्तर मिळालं की ते रेकॉर्डिंग अंतर्गत वापरासाठी असतं, ग्राहकाला देता येत नाही.

त्या रात्री ती मला म्हणाली, "मीच नीट ऐकलं नसेल."

कॉलच्या सुरुवातीला ती टेप लागते ना, प्रशिक्षण आणि गुणवत्तेसाठी कॉल रेकॉर्ड केला जाऊ शकतो म्हणून? वाद झाला की ते रेकॉर्डिंग बँकेच्या हातात असतं आणि आपल्याकडे फक्त आठवण. वयस्कर माणसाची आठवण तर "गैरसमज" या एका शब्दात निकालात निघते.

पुढच्या फोनला मी शेजारी बसले. खातेदार आई, त्यामुळे बोलायचं तिनेच. माझ्या अँड्रॉइडवरून लावला आणि गुगलच्या फोन ॲपमधलं रेकॉर्डिंग सुरू केलं. ते ॲप दोन्हीकडे ऐकू जाईल असं जाहीर करतं की कॉल रेकॉर्ड होत आहे. आयफोनवरही ही सोय आयओएस 18.1 पासून आहे, तीही अशीच घोषणा करते. घोषणा संपली, पलीकडे पाच-सहा सेकंद शांतता आणि फोन कट. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आम्ही जेवणाच्या टेबलावर फोन स्पीकरवर ठेवला आणि शेजारी दुसऱ्या फोनचा व्हॉइस रेकॉर्डर चालू केला. आईने आधीच शांतपणे सांगितलं, "तुम्ही रेकॉर्ड करता तसं मीही करतेय. तुमचं नाव सांगा." चोरून करू नका, सांगूनच करा. आम्हाला त्याचा फायदाच झाला, कारण ती बाई प्रत्येक शब्द तोलून बोलायला लागली.

हा कॉल अकरा मिनिटांचा होता. मी कागदावर प्रश्न लिहून आईपुढे सरकवत होते. त्यातला एकच सगळ्यात कामाचा ठरला. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, 20 नोव्हेंबर 2014 च्या परिपत्रकाने 1 एप्रिल 2015 पासून लागू झालेला. बॅलन्स कमी झाला तर बँकेने आधी एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचं, शिल्लक भरायला महिनाभर द्यायचा, मगच दंड. दंडही जितकी रक्कम कमी पडली त्या प्रमाणात. आणि नुसत्या दंडामुळे खातं उणे होता कामा नये. आईने विचारलं, "मला असा एसएमएस कोणत्या तारखेला पाठवला?" बराच वेळ कीबोर्डचा आवाज येत राहिला. मग ती बाई म्हणाली, "मॅडम, एसएमएस गेल्याचं सिस्टीममध्ये दिसत नाहीये."

आईने माझ्याकडे पाहिलं. ते वाक्य तिने पुन्हा म्हणवून घेतलं आणि तक्रार क्रमांक आकडा-आकडा करून लिहून घेतला.

मग आम्ही ईमेलने लेखी तक्रार केली. त्यात कॉलची तारीख, वेळ, नाव आणि ते वाक्य कितव्या मिनिटाला आहे तेही लिहिलं. उत्तर आलं ते छापील, "चार्जेस नियमानुसार आहेत." तोवर पाचवा महिनाही कापला होता, एकूण 3,540.

यापुढे लोकपाल, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा रिझर्व्ह बँकेचा अधिकारी. आमच्या वेळी रिझर्व्ह बँकेची 2021 ची एकात्मिक लोकपाल योजना लागू होती. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर वर्षाच्या आत तक्रार करता येत होती. फी नाही, वकील लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर ऑनलाइन भरा किंवा तिच्या चंदीगडच्या केंद्राला टपालाने पाठवा, माहितीसाठी फोन 14448. आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली हवी. पण त्या योजनेत असंही म्हटलं होतं की दुसऱ्या मार्गाने केलेली तक्रारही लेखी धरली जाईल, जर ती केल्याचा पुरावा तुम्ही देऊ शकलात. म्हणजे आईचे पहिले तीन फोन रेकॉर्ड असते, तर आमचे तीन महिने वाचले असते. याची मला आजही हळहळ आहे.

रेकॉर्डिंग मूळ फोनवर जसंच्या तसं ठेवा. कापू नका, नाव बदलू नका, नुसतं व्हॉट्सॲपवर टाकून मूळ फाइल उडवू नका. प्रकरण ग्राहक आयोगात किंवा कोर्टात गेलं तर डिजिटल पुराव्यासाठीचं, भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र जोडावं लागू शकतं, तेव्हा मूळ फाइल आणि तो फोन हाताशी हवा. लोकपालाकडे आम्ही संवाद कागदावर उतरवून, मिनिटांसकट दिला. क्लिप ग्रुपवर फिरवू नका. सुरुवातीच्या पडताळणीत तुमची जन्मतारीख असते, आणि पलीकडे बोलणारी मुलगी तर फक्त नोकरी करत असते.

तक्रार दाखल झाल्यावर तीन आठवड्यांच्या आत शाखेतून आईला फोन आला. "काकू, एवढ्यासाठी रेकॉर्डिंग कशाला केलंत, मला सांगायचं ना." आई म्हणाली, "तीनदा सांगितलं होतं." दोन दिवसांत 3,540 रुपये जमा झाले आणि खातं जुन्या प्रकारात गेलं. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं की ही रक्कम "केवळ सद्भावना म्हणून, एकदाच" परत करत आहोत.

आईने त्या पत्राला उत्तर लिहायला लावलं. हे माझे पैसे होते, सद्भावना हा शब्द काढून चूक झाली असं लिहा, एवढंच तिचं म्हणणं. ईमेल पाठवून दोन महिने झाले, उत्तर आलेलं नाही. परवा तिने पुन्हा फोन केला, नाव विचारलं, रेकॉर्डर चालू असल्याचं सांगितलं आणि त्या ईमेलचा नवा तक्रार क्रमांक घेऊन कॅलेंडरवर लिहिला. या वेळी पेनाने.