किंग्सबार्न्स खेळावा की ओल्ड कोर्स?

स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूजला मुक्काम आहे आणि गोल्फ खेळायला एकच दिवस मोकळा आहे? मग जवळच्या किंग्सबार्न्स कोर्सला जा. गावातला ओल्ड कोर्स पहिल्याच भेटीत आवडेल, अशी हमी मी देणार नाही. दोन-तीन राऊंड (अठरा होलचे, म्हणजे टप्प्यांचे, पूर्ण डाव) जमणार असतील तर मात्र माझं मत अगदी उलटं आहे.

किंग्सबार्न्स २००० साली सुरू झाला. बरीचशी जमीन मुळात शेताची. उंचवटे, उतार यंत्रांनी घडवलेले, पण कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. जवळपास प्रत्येक होलवरून समुद्र दिसतो. बाराव्या होलच्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, उभं राहिलं की डावीकडे पाणी, किनारा धरून वळत गेलेला फेअरवे (कापलेल्या गवताचा पट्टा) आणि लांबवर ग्रीन (चेंडू ज्यात घालायचा त्या खड्ड्याभोवतीची गुळगुळीत हिरवळ), सगळं समोर मांडून ठेवलेलं. पार ५, म्हणजे पाच फटक्यांत संपवायचा होल. फटका चुकला तर कुठे चुकला हे चेंडू हवेत असतानाच समजतं.

आता ओल्ड कोर्सचा बारावा. पार ४, लांबी किरकोळ, समोर नुसतं गवत आणि चार उंचवटे. बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, एकही दिसत नाही. पहिल्या खेपेला माझा ड्राइव्ह (टीवरचा लांब फटका) मधोमध गेला. खुशीत चालत गेलो, तर चेंडू बंकरमध्ये, पुढच्या भिंतीला चिकटून. ग्रीनच्या दिशेने मारायची सोयच नव्हती. मागे वळून बाहेर काढला. वैतागलो. कोर्सला फसवेगिरी म्हणून मोकळा झालो.

कारण नंतर कळलं. हा कोर्स पूर्वी उलट्या दिशेनेही खेळत असत. त्या बाजूने येणाऱ्याला हे बंकर स्पष्ट दिसतात; आपण त्यांच्या पाठीमागून येतो. ग्रीनचंही तसंच. सात ग्रीन दोन-दोन होलना मिळून आहेत आणि प्रत्येक जोडीची बेरीज १८: बाराव्याचा भागीदार सहावा. चुकीच्या टोकाला चेंडू थांबला तर पुट (ग्रीनवरचा हलका फटका) कसला, अर्धं मैदानच ओलांडायचं.

बॉबी जोन्ससारख्या नामवंत गोल्फरलाही हे लगेच पचलं नाही. १९२१ला इथे झालेल्या ब्रिटिश ओपन स्पर्धेत तिसऱ्या राऊंडला, अकराव्या होलवर त्याने डाव सोडला. १९२७ला तिथेच ओपन जिंकली. पुढे १९५८मध्ये गावाने त्याला मानाचं नागरिकत्व दिलं.

व्यवहाराचं थोडक्यात: किंग्सबार्न्सची वेळ आधी ठरवता येते, पण थंडीत तो बंद असतो. ओल्ड कोर्सला बऱ्याच जणांना सोडतीत नाव लागण्याची वाट बघावी लागते. तिथे कॅडी (पिशवी उचलणारा, कुठे मारायचं ते सांगणारा सोबती) घ्याच. कॅडीचे पैसे वाचवायचेच असतील तर ते किंग्सबार्न्सवर वाचवा.

आणि मुक्कामात रविवार येईल असं बघा. त्या दिवशी ओल्ड कोर्सवर सहसा खेळ नसतो. गावकरी कुत्री घेऊन फिरायला येतात, आपणही जाऊ शकतो. अठराव्या ग्रीनपासून उलट्या दिशेने चालत निघा. बाराव्या ग्रीनजवळ पोचलात की टीकडे तोंड करून उभे राहा. शनिवारी कुठेच नसलेले सगळे बंकर आ वासून तुमच्याकडे बघत असतात.

मी हे केलं आणि सोमवारी तो बंकर बरोबर चुकवला. शेजारच्यात गेलो. पण या वेळी तो कुठे आहे हे मला टीवरच माहीत होतं.