हिंगण्यातली टेस्टिंग लॅब: एक्स-रे झकास, पण पाणी दिसलंच नाही
एमआयडीसीतल्या एका लॅबला आमचं पॅनल दिलं, वरून कार्बन फायबर, आत ॲल्युमिनियमचं हनीकोंब (मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी), शंका एवढीच की आत पाणी शिरलंय का. दोन दिवसात रिपोर्ट, बिल पण वाजवी, रिझल्ट ओके. घरी येऊन पॅनल कानाशी हलवलं तर आत खुळखुळ! अरे भाऊ, एक्स-रेत धातू ठळक येतो अन् थोडंसं पाणी, ग्लू फिकं पडतं, एक्स-रेऐवजी न्यूट्रॉन कणांचा बीम सोडून फोटो काढला तर उलटं, तो ॲल्युमिनियममधून सहज आरपार अन् पाण्यातला हायड्रोजन लागला की विखुरतो, म्हणून पाणी लगेच दिसतं. आता मान्य, त्याला सहसा रिॲक्टर (अणुभट्टी) लागतो, ट्रॉम्बेचा १९८५ चा ध्रुव रिॲक्टर काही हिंगण्यात येणार नाही, पण 'एक्स-रेत हे दिसणार नाही' एवढं तरी आधी सांगायचं ना बाप्पा! वेल्डिंगच्या जॉबसाठी जा बिनधास्त. ५ पैकी ३.