ऑइलची गळती शोधायची कशी: धुऊन पावडर, यूव्ही डाय की धूर?

गाडीखाली डाग दिसला की नजर त्याच्या बरोबर वरच्या भागावर जाते, आणि गफलत तिथेच सुरू होते. ऑइल वर कुठेतरी निघतं, ब्लॉकवरून ओघळतं, गाडी चालताना वाऱ्याने मागे सरकतं आणि सगळ्यात खालच्या टोकावरून ठिबकतं. टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या सगळ्यात वरच्या झाकणाच्या) मागच्या कोपऱ्यातून निघालेलं ऑइल इंजिन-गियरबॉक्सच्या सांध्यात उतरलं, तर क्रँकचं (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) मागचं सीलच गेलंय असं वाटतं. टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदलणं बहुतेक गाड्यांत छोटं काम असतं, मागच्या सीलसाठी मात्र गियरबॉक्स उतरवावा लागतो. म्हणून कुठलाही पार्ट बदलण्याआधी शोधण्याची रीत नीट निवडलेली बरी.

आधी ते ऑइलच आहे ना, हे बघा. पांढऱ्या कागदावर थेंब घ्या. इंजिन ऑइल पिवळसर तपकिरी ते काळं दिसतं, ऑटोमॅटिक गियरबॉक्सचं बहुधा लाल असतं, कूलंटला गोडसर वास येतो आणि एसीचं फक्त पाणी असतं.

पहिली रीत धुऊन बघण्याची. थंड इंजिनवर डिग्रीजर (तेलकटपणा काढणारं द्रावण) मारायचं, अल्टरनेटर आणि वायरिंगचे सॉकेट झाकून धुवायचं, पूर्ण वाळू द्यायचं. मग संशयाच्या जागी टाल्कम पावडरचा पातळ थर द्यायचा आणि इंजिन गरम होईपर्यंत चालवायचं. पावडरवर पहिली काळी रेघ उमटेल ती जागा धरायची, आणि तीही सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची. बंद करून बघा. फिरत्या बेल्टजवळ हात नको. गळती जोराची असेल आणि जागा डोळ्यांना दिसणारी असेल, तर याहून जास्त काही लागत नाही. तेलकट ऑइल फिल्टर, प्रेशर स्विच, ड्रेन नटचा वॉशर असले सोपे गुन्हेगार बहुतेकदा इथेच सापडतात. फिल्टर बदलल्यावर लगेच गळती सुरू झाली असेल, तर जुन्या फिल्टरचं रबर इंजिनलाच चिकटून राहिलंय का ते आधी पाहा. या रीतीचं दुबळेपण असं, की खालच्या बाजूला पावडर टिकत नाही आणि रस्त्यावर ती उडून जाते. चार दिवसांतून एखादा थेंब पडत असेल तर वाट बघून कंटाळाल.

तिथे यूव्ही डाय, म्हणजे अतिनील (यूव्ही) प्रकाशात चमकणारा रंग, पुढे जातो. इंजिन ऑइलसाठीचा डाय बाटलीवरच्या मापाने ऑइलमध्ये टाकायचा, गाडी नेहमीसारखी वापरायची आणि अंधारात यूव्ही टॉर्च व पिवळा चष्मा घेऊन बघायचं. डाय मिसळलेलं ऑइल हिरवट पिवळं चमकतं. वेगात, चढावर, पूर्ण गरम झाल्यावरच होणारी गळतीही पकडता येते, कारण खूण दिवसभर तशीच राहते. हाताला न पोचणाऱ्या फटीही टॉर्च आणि छोट्या आरशाने दिसतात. पण धुण्यापासून इथेही सुटका नाही. डाय ओतताना झाकणाशी सांडलेला थेंबही तितकाच चमकतो, आणि कित्येक कूलंटही यूव्हीखाली हिरवे दिसतात. डिझेलचं काजळीने काळंकुट्ट झालेलं ऑइल डायची चमक दाबतं. ऑइल बदलायला झालंच असेल तर नव्या ऑइलमध्येच डाय टाका.

तिसरी रीत धुराची, म्हणजे इंजिनात अगदी कमी दाबाने धूर भरून तो कुठून बाहेर येतो ते बघणं. हे घरचं काम नव्हे. दाब जास्त झाला तर चांगलं सीलही जागेवरून निघतं. झटपट निकाल हवा असेल तर छान, पण ऑइलच्या पातळीखालच्या जागांना, म्हणजे चेंबरचं (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याचं) पॅकिंग आणि ड्रेन नट यांना, धूर पोचतच नाही. शाफ्ट फिरतानाच गळणारं सील बंद इंजिनात गप्प बसू शकतं.

माझा कौल असा: ठिबक रोजची असेल तर धुऊन पावडर. ठिबक मंद असेल, किंवा कोणी मागचं सील बदलायला सांगितलं असेल, तर आधी डाय टाकून वरचा भाग कोरडा आहे याची खात्री करा आणि मगच गियरबॉक्सला हात लावू द्या. धूर तेव्हा, जेव्हा दोन्हींनी काही हाती लागत नाही आणि संशय वरच्या पॅकिंगवर आहे. एक्झॉस्टवर ऑइल पडून धूर किंवा जळका वास येत असेल तर मात्र शोधमोहीम राहू द्या, आगीचा धोका असतो. गाडी उभी करा.

आणि एकाच वेळी दोन-तीन जागा ओल्या सापडल्या, तर सगळी सीलं मागवण्याआधी पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनात साठणारे वायू बाहेर काढणारी झडप) तपासा. तो तुंबला की क्रँककेसमधला, म्हणजे इंजिनच्या खालच्या पोकळीतला, दाब बाहेर पडत नाही आणि ऑइल मिळेल त्या सीलमधून वाट काढतं. तो तसाच ठेवून सील बदललं, तर नवं सीलही गळायला लागेल.