प्रोटॉन: लिनक्सवर गेम चालत नाही म्हणून विंडोज टाकायच्या आधी हे वाचा

लिनक्सवर गेम चालत नाहीत, हे सांगली-मिरजेत कॉम्प्युटरच्या दुकानात अजून छातीठोक सांगतात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, जुन्या मशीनवर विंडोज ११ सरळ बसत नाही, म्हणून बऱ्याच घरात आता विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम आलीय आणि पोरांचा पहिला प्रश्न एकच, माझ्या गेमचं काय? तर त्यांच्यासाठी प्रोटॉनचा, म्हणजे विंडोजच्या गेम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, हा रिव्ह्यू. माझ्याकडनं पाचपैकी चार स्टार, आणि मनापासून देतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रोटॉन व्हॉल्व्ह कंपनीनं ऑगस्ट २०१८ मध्ये काढलं, त्यांच्याच स्टीम या गेम विकत घ्यायच्या स्टोअरच्या आतच येतं, वेगळे पैसे नाहीत. त्याच्या बुडाशी वाईन आहे, विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर, ज्याचं काम १९९३ पासनं चालू आहे. गेम डायरेक्टएक्समध्ये, म्हणजे विंडोजच्या ग्राफिक्सच्या भाषेत, जे मागते ते डीएक्सव्हीके नावाचा भाग व्हल्कनमध्ये, म्हणजे लिनक्सवर चालणाऱ्या ग्राफिक्सच्या भाषेत, बदलून ग्राफिक्स कार्डाला देतो, डायरेक्टएक्स १२ साठी व्हीकेडीथ्रीडी प्रोटॉन आहे. अख्खं विंडोज आत चालवायची भानगड नाही, त्यामुळं स्पीड चांगला मिळतो. व्हॉल्व्हच्या स्टीम डेक या हातात धरून खेळायच्या मशीनवर विंडोजच्या गेम याच्यावरच चालतात. तुम्ही फक्त गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये कंपॅटिबिलिटीत जाऊन प्रोटॉनचं व्हर्जन निवडायचं आणि प्ले दाबायचं, एकट्यानं खेळायच्या बहुतेक गेम तेवढ्यावर सुरू होतात.

आता ज्या होत नाहीत त्यांचं बोलू, कारण लोक तिथंच वैतागून परत विंडोज टाकतात. माझं म्हणणं एवढंच आहे की गेमला किंवा प्रोटॉनला नावं ठेवायच्या आधी गेम कुठल्या ड्राइव्हवर आहे आणि कार्ड कुठलं आहे ते बघा. मी ओळखीच्यांची जेवढी मशीन बघितली त्यात घोळ जास्त करून याच दोन ठिकाणी निघाला.

माझा भाचा विश्रामबागला असतो, त्याच्याकडं ड्युअल बूट, म्हणजे एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही. विंडोजच्या डी ड्राइव्हवर गेम आधीच डाउनलोड झालेल्या, परत एवढा डेटा कशाला जाळायचा म्हणून त्यानं तोच ड्राइव्ह स्टीमला जोडून दिला. मग प्ले दाबलं की हिरव्या बटणाचं निळं स्टॉप होतंय, दोन-तीन सेकंद थांबतंय आणि परत प्ले. एरर नाही, विंडो नाही, काही नाही. "मामा, गेमच खराब आहे," म्हणाला. गेम चांगली होती. डी ड्राइव्ह एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या फॉरमॅटचा होता. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी कॉम्पॅटडेटा फोल्डरमध्ये खोटा सी ड्राइव्ह तयार करतं आणि त्यात 'सी:' अशा नावाच्या लिंक असतात, विंडोजला फाइलच्या नावात कोलन चालत नाही, वर एनटीएफएसवर लिनक्सच्या मालकी-परमिशनचा गोंधळ वेगळाच. आणि विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असलं तर तो ड्राइव्ह लिनक्समध्ये बऱ्याचदा रीड-ओन्लीच उघडतो, मग तिथं काही लिहिताच येत नाही. उपाय सोपा आहे, लिनक्सच्या एक्स्ट४ पार्टिशनवर स्टीमची नवीन लायब्ररी करायची आणि प्रॉपर्टीजमधनं मूव्ह इन्स्टॉल फोल्डर करायचं. परत डाउनलोड करावं लागत नाही. त्याची गेम लगेच सुरू झाली.

मिंटवाल्यांनी अजून एक बघा, सॉफ्टवेअर मॅनेजरमधनं स्टीम फ्लॅटपॅकचं, म्हणजे सिस्टीमपासनं वेगळं ठेवलेल्या पॅकेजचं, घेतलं असेल तर त्याला दुसरा ड्राइव्ह आपोआप दिसत नाही, फ्लॅटसील नावाच्या अ‍ॅपमधनं परवानगी द्यावी लागते. मी सरळ सिस्टीम पॅकेजच घ्या म्हणतो.

दुसरा घोळ ग्राफिक्स कार्डाचा. आपल्याकडं जुन्या ऑफिसच्या पीसीत एनव्हिडियाचं जीटी ७१० कार्ड घालून गेमिंगचं मशीन म्हणून वापरणारे लै आहेत, त्यात वाईट काही नाही, जुन्या गेम मस्त चालतात. पण प्रोटॉन ८ पासनं व्हल्कन १.३ लागतं, आणि हे केप्लर पिढीचं कार्ड, त्याचा शेवटचा ड्रायव्हर ४७० चा, तो व्हल्कन १.२ वरच थांबतो. म्हणजे नवीन प्रोटॉन निवडलं की गेम उघडणारच नाही आणि तुम्ही बसाल इंटरनेटवर शोधत. अशा मशीनवर त्याच यादीतलं प्रोटॉन ७.० निवडा. एकदम जुनी गेम असेल आणि तरी चालेना तर वाईनडीथ्रीडीवर टाकून बघा, ते व्हल्कनऐवजी ओपनजीएल वापरतं, फ्रेम कमी मिळतील पण चालायची शक्यता असते. तुमचं कार्ड काय देतंय ते व्हल्कनइन्फो कमांडनं कळतं, ती व्हल्कन-टूल्स पॅकेजमध्ये येते. आणि मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमध्ये एनव्हिडियाचा ड्रायव्हर खरंच निवडलाय का तेवढं आधी बघा.

एवढं करूनही अडलं तर लॉग काढा, मला प्रोटॉनचं हे सगळ्यात आवडतं. गेमच्या प्रॉपर्टीजमधल्या लाँच ऑप्शनमध्ये प्रोटॉन अंडरस्कोर लॉग, बरोबरचं चिन्ह, १, मग स्पेस देऊन दोन टक्क्यांच्या चिन्हांमध्ये कमांड. सगळं इंग्रजीत टाइप करायचं, प्रोटॉन लॉग कॅपिटलमध्ये आणि कमांड स्मॉलमध्ये. मी हे फोनवर असंच सांगतो आणि शाळेतल्या पोरांनासुद्धा जमतं. गेम बंद पडली की होम फोल्डरमध्ये स्टीम आणि गेमचा नंबर अशा नावाची लॉग फाइल पडते, शेवटच्या ओळी वाचल्या की बऱ्याचदा कुठं अडलं त्याचा अंदाज येतो. ती फाइल दाखवून मदत मागितली तर लोक नीट उत्तर देतात, नुसतं "चालत नाय" म्हणून कोण काय सांगणार.

आता तो कापलेला स्टार. ऑनलाइन गेम. व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड, म्हणजे चीटिंग पकडणारं अँटी-चीट सॉफ्टवेअर, थेट विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात बसतं, त्यामुळं ती इथं चालत नाही, फोर्टनाइट पण नाही. अ‍ॅपेक्स २०२४ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत चालायची, मग त्यांनी लिनक्स बंद केलं. जीटीए फाइव्हची स्टोरी चालते पण सप्टेंबर २०२४ मध्ये बॅटलआय हे अँटी-चीट आल्यापासनं ऑनलाइन गेलं. बॅटलआय आणि ईझी अँटी-चीट दोन्ही प्रोटॉनवर चालू शकतात, गेम बनवणाऱ्यानं परवानगी द्यायची असते, बरेच जण देत नाहीत आणि मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण विकतच्या गेमचे पैसे विंडोजवाल्यानं आणि लिनक्सवाल्यानं सारखेच भरलेले असतात. काउंटर स्ट्राइक २ आणि डोटा २ मात्र लिनक्सवर मुळातच आहेत, प्रोटॉनची गरज नाही. ज्याचं सगळं खेळणं व्हॅलोरंटवर आहे त्याला मी लिनक्स घे म्हणणार नाही. विकत घ्यायच्या आधी प्रोटॉनडीबी या वेबसाइटवर, जिथं लोक कुठली गेम कशी चालते ते सांगतात, गेमचं नाव टाकून बघत जा, प्लॅटिनम-गोल्ड असेल तर बिनधास्त घ्या, बोर्क्ड, म्हणजे चालतच नाही असं असेल तर पैसे ठेवा खिशात.

गेम चालतीय पण मधल्या व्हिडिओच्या जागी नुसते रंगीत पट्टे दिसतायत असं झालं तर तो व्हिडिओ कोडेकचा विषय आहे. प्रोटॉनअप-क्यूटी नावाचं अ‍ॅप टाका, त्यातनं जीई-प्रोटॉन, म्हणजे व्हॉल्व्हबाहेर बनवलेलं प्रोटॉनचं व्हर्जन, उतरवा, स्टीम बंद करून परत चालू करा आणि त्या गेमला ते निवडा. एपिक किंवा जीओजी या दुसऱ्या स्टोअरवरनं घेतलेल्या गेमसाठी हिरोइक लाँचर आहे, त्यातपण हेच जीई-प्रोटॉन वापरता येतं.