‘मुघल-ए-आझम’ घरी दाखवायचा आहे: कृष्णधवल लावावा की रंगीत?

सुट्टीत मुलं, आजी-आजोबा सगळे जमले की आमच्याकडे हा वाद ठरलेला. दोन्ही प्रती मी अनेकदा पाहिल्या आहेत. माझं मत आधीच सांगते: जो पहिल्यांदाच बघतोय, त्याला मूळ प्रत दाखवा.

मूळ चित्रपट ५ ऑगस्ट १९६० रोजी मुंबईत मराठा मंदिरला लागला. लांबी १९७ मिनिटं. तो पूर्ण कृष्णधवल नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. शीशमहालातलं ‘प्यार किया तो डरना क्या’ आणि शेवटाकडची काही रिळं टेक्निकलरमध्ये आहेत. दिग्दर्शक के. आसिफ यांना रंगीत चित्रीकरण इतकं आवडलं, की सगळा चित्रपट पुन्हा रंगात करायची त्यांची तयारी होती. वितरक मात्र आणखी थांबायला राजी नव्हते. म्हणून चित्रपट असा अर्धामुर्धा रंगीत राहिला. पण पडद्यावर त्याचा परिणाम काय होतो बघा. इतका वेळ डोळे राखाडी छटांना सरावलेले असतात, आणि अनारकली भर दरबारात बादशहासमोर नाचायला उभी राहते तेव्हा पहिल्यांदा रंग येतो. छतावरच्या आरशाआरशांत ती दिसू लागते, आणि माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो. सगळाच चित्रपट रंगीत असला की हा क्षण इतर गाण्यांसारखाच एक होऊन जातो.

दुसरं, आर. डी. माथुर यांचं छायाचित्रण. त्यांनी प्रकाश रचला तो कृष्णधवल फिल्मसाठी. अनारकली पुतळा बनून उभी असते तो प्रसंग आठवा. मूळ प्रतीत दगड आणि त्वचा एकाच पांढुरक्या छटेत मिसळतात. सलीमचा बाण सुटेपर्यंत आपणही साशंक असतो. रंग भरणाऱ्याला मात्र हा दगड की ही कातडी, हे ठरवावंच लागतं. सलीम अनारकलीच्या चेहऱ्यावरून पीस फिरवतो, तो प्रसंगही तसाच. मागे बडे गुलाम अली खाँ गात असतात आणि मधुबालाच्या चेहऱ्यावर प्रकाश जेमतेम टेकलेला असतो. तिथे मला रंगाची उणीव कधीच भासली नाही.

आता रंगीत प्रत. ती नोव्हेंबर २००४ मध्ये, दिवाळीत आली. हे काम वरवरचं नव्हतं. फिल्म साफ केली, एकेक चौकट संगणकावर घेतली, पोशाख-दागिन्यांचे रंग अभ्यासून ठरवले. तरी लाल आणि हिरवा शालू कृष्णधवल फिल्मवर सारख्याच राखाडी छटेत उतरू शकतात, त्यामुळे शेवटी बराचसा अंदाजच. आवाजात मात्र ही प्रत सरस आहे: मूळ संगीतकार नौशाद यांच्या देखरेखीखाली वाद्यमेळ नव्याने ध्वनिमुद्रित झाला, गायकांचे आवाज मूळचेच ठेवले. लांबी १७७ मिनिटं, म्हणजे वीस मिनिटं कमी. मुलांना बसवायला हे सोयीचं, पण जे गेलं ते गेलंच.

आणि आसिफ यांना रंग हवा होता, ही गोष्टही खरी. पण १९७१ मध्ये ते गेले, त्यामुळे २००४ चे रंग त्यांनी पारखलेले नाहीत.

‘नया दौर’ (रंगीत २००७) आणि ‘हम दोनो’ (रंगीत २०११) यांच्या बाबतीत मी इतकी हट्टी नाही. ‘हम दोनो’ला तर खुद्द देव आनंद यांचाच पाठिंबा होता.

इंटरनेटवर संगणकाने आपोआप रंगवलेली सुटी गाणी फिरतात, ती मात्र टाळा. ओढणीचा रंग मध्येच बदलतो, हात एका रंगाचे आणि चेहरा दुसऱ्याच.

घरात ‘काळं-पांढरं नको’ म्हणून उठून जाणारी मुलं असतील, तर खुशाल रंगीत प्रत लावा; न बघण्यापेक्षा ते कितीतरी बरं. आजी सोबत असेल तर मूळ प्रत लावा, खोलीतले दिवे घालवा आणि शीशमहालापर्यंत कुणाला उठू देऊ नका.