लॉकटाइट ५७७ आणि ६२०: कूलंटच्या फिटिंगवर आठ महिने

दिवाळीनंतर साताऱ्याला निघालो होतो. खंबाटकी चढून वर चहाला थांबलो आणि गाडीच्या मागून गोडसर वास आला. टेंपरेचरचा काटा जागेवर होता. पण इंजिन बंद करून पाच मिनिटं झाली नसतील, खाली गुलाबी थेंब पडायला लागले. चालत्या गाडीत काही नाही आणि उभी केली की गळती, हे लक्षण नीट लक्षात ठेवा. इंजिन बंद केलं की पंप थांबतो, तापलेल्या ब्लॉकची उष्णता मात्र पाण्यात उतरतच राहते, आणि थोडा वेळ दाब उलट वाढतो. अशक्त जोड नेमका तेव्हा सापडतो.

गाडी वीस वर्षांची, दोन सीटांची. इंजिन सीटच्या मागे आणि रेडिएटर पार पुढे, त्यामुळे कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचे, पाइप गाडीच्या पोटाखालून टोकापर्यंत जातात. जोड भरपूर. भोसरीत आमचे नेहमीचे मिस्त्री आहेत, त्यांनी टॉर्च मारला आणि एका मिनिटात जागा दाखवली. थर्मोस्टॅटच्या ॲल्युमिनियम हाउसिंगमध्ये दाबून बसवलेला २५ मिमीचा स्टीलचा पाइप. त्याच्या मुळाशी वाळलेल्या कूलंटची गुलाबी खपली, मिठागरात असते तशी. नखाने खरवडली तर खाली जुन्या सिलिकॉनचा जाड थर. आधीच्या कुणीतरी गळती दिसल्यावर बाहेरून सिलिकॉन फासून गाडी परत दिली होती. मिस्त्री म्हणाले, "बाहेरून लावून काय होणार साहेब, पाणी आतून ढकलतंय." हाउसिंग उघडलं तर सिलिकॉनचा शेवईएवढा तुकडा थर्मोस्टॅटच्या झडपेत अडकलेला. इंजिन कधीतरी याच तुकड्यामुळे तापलं असतं, या विचाराने मला त्या दिवशी खरंच राग आला.

पाइप का सुटतो, त्याचा हिशोब मी घरी बसून केला. ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. २५ मिमीच्या भोकात तापमान ८० अंशांनी वाढलं की दोन शतांश मिलिमीटरची फट जास्तीची मिळते. ऐकायला काहीच नाही. पण कूलंटच्या टाकीच्या झाकणाचा दाब १.१ बार धरला तर तो पाइपला साडेपाच किलोच्या जोराने बाहेर ढकलत असतो, प्रत्येक घाटात. दाबून बसवलेल्या पाइपला वर्षानुवर्षं धरून ठेवतो तो आतला चिकट पदार्थ, आणि तो म्हातारा झाला होता.

मिस्त्रींनी लॉकटाइटच्या चिकट रसायनाच्या दोन बाटल्या आणायला सांगितल्या. दाबून बसवलेल्या पाइपसाठी हिरवं ६२०, आट्यांसाठी पिवळं ५७७. दोन्ही ॲनेरोबिक, म्हणजे हवा असेपर्यंत पातळ राहणारी. हवा तुटली आणि धातूचा स्पर्श झाला की घट्ट होतात. म्हणूनच बाटली अर्धी रिकामी मिळते. दुकानदाराने कमी भरून दिली असं मलाही आधी वाटलं होतं, पण आतला ऑक्सिजनच द्रवाला जिवंत ठेवतो. हे रसायन अमेरिकेतले प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ च्या सुमारास बाजारात आणण्याच्या लायकीचं केलं. आता हा ब्रँड हेन्केल या जर्मन कंपनीकडे आहे, आणि त्यांचा चिकट पदार्थांचा मोठा कारखाना आपल्या कुरकुंभला आहे. मी बाटल्या बेअरिंगच्या जुन्या दुकानातून घेतल्या, तळाची तारीख बघून. ५० मिलीला हजाराच्या वर मोजावे लागतात, पण एक बाटली वर्षानुवर्षं पुरते.

लावणं दहा मिनिटांचं काम आहे. खरा दिवस गेला तो साफसफाईत. पाइप काढून भोक आणि पाइप दोन्ही बारीक पॉलिश पेपरने घासले, मग ब्रेक क्लीनरने तीनदा पुसले. पांढऱ्या फडक्यावर डाग यायचा थांबेपर्यंत मिस्त्रींनी हात थांबवू दिला नाही. मग ॲक्टिव्हेटर, म्हणजे रसायन लवकर घट्ट व्हावं म्हणून आधी मारायचा द्रव. तो का, तर ॲल्युमिनियमवर ही रसायनं फार आळशी असतात. पितळ-तांब्यावर ती पटकन धरतात, ॲल्युमिनियमला मदत लागते. मग ६२० ची एक कडी भोकात, एक पाइपवर, आणि पाइप फिरवत फिरवत आत. बाहेर आलेलं फडक्याने पुसलं. आत गेलेलं जास्तीचं पातळच राहतं आणि पहिल्या पाण्याबरोबर निघून जातं, तिथे शेवया तयार होत नाहीत. मला या रसायनाची सगळ्यात मोठी किंमत इथे वाटते. पहिलं पाणी आम्ही नुसतं फिरवून टाकून दिलं.

हाउसिंग पूर्ण एक दिवस आणि रात्र ठेवलं. हेच धैर्य मी ब्लीड स्क्रूच्या, म्हणजे पाण्यात अडकलेली हवा काढायच्या स्क्रूच्या, वेळी दाखवलं नाही. तो ॲल्युमिनियमचा, ॲल्युमिनियमच्या आट्यात. घरी, रविवारी, ॲक्टिव्हेटर न लावता ५७७ लावलं आणि तीन तासांत कूलंट भरलं. सकाळी आट्याभोवती ओलसर कडी. पुन्हा सगळं काढा, साफ करा, ॲक्टिव्हेटर मारा, रात्रभर थांबा. त्यानंतर तो जोड कोरडा आहे. दोष बाटलीचा नव्हता, घाई माझी होती.

५७७ सगळीकडे लावू नका. तांब्याचा वॉशर किंवा ओ-रिंग (रबराची कडी) असलेल्या जोडात ते नको, तिथे वॉशर किंवा रिंगच सील करते. जुना तांब्याचा वॉशर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकला की पुन्हा मऊ होतो, आमच्याकडे दोन वॉशर असेच चालू आहेत. प्लास्टिकच्या टाकीच्या आसपासही हे नेऊ नका, काही प्लास्टिकला त्याने तडे जातात. एका वायरच्या टेंपरेचर सेन्सरची अर्थिंग आट्यांतूनच होते, तिथे टेफ्लॉन टेपच्या चार फेऱ्या मारल्या तर काटा खोटं बोलायला लागतो. टेफ्लॉन टेप नळाला ठेवा. तिचे धागे सुटून झडपेत जातात, सिलिकॉनसारखेच.

आठ महिन्यांत साडेसहा हजार किलोमीटर झाले. एप्रिल-मेमध्ये दुपारी सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये पंखा सतत चालू राहिला, तरी जोड कोरडा. जूनपासून ताम्हिणीला चार फेऱ्या झाल्या, पावसात, थंड-गरम, थंड-गरम. प्रत्येक फेरीनंतर मी गाडीखाली पुठ्ठा सरकवतो आणि सकाळी बघतो. टाकीतली पातळी मार्करने खूण केली होती तिथेच आहे.

एक तक्रार आहे, ती खरी आहे. ६२० पुढच्या माणसाला त्रास देणार. कधी पाइप काढायचा झाला तर तो भाग अडीचशे अंशांच्या आसपास तापवावा लागेल, आणि घरच्या हेअर ड्रायरने ते होत नाही. म्हणून जिथे पाच वर्षांत पुन्हा उघडायचंच आहे, तिथे ६२० वापरू नये. शिवाय आजूबाजूला रबरी होज असेल तर तो आधी काढून ठेवा.

आणखी एक. कूलंट गोड असतं आणि एथिलीन ग्लायकॉल कुत्र्यामांजरांना मारतं. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन भटकी कुत्री झोपतात. काम करताना सांडलं की मी आधी बादलीभर पाणी ओतून घासतो, मगच हात धुतो.

गेल्या रविवारी टाकीच्या तोंडाला प्रेशर टेस्टर लावला, हातपंपाने एक बारपर्यंत नेलं आणि वीस मिनिटं बाजूला स्टूल टाकून बसलो. काटा हलला नाही. बोटाने हाउसिंगच्या मुळाशी पुसून बघितलं, बोट कोरडं. रेडिएटरच्या बाजूची एक होज क्लिप मात्र गंजलीय, ती पुढच्या आठवड्यात नाना पेठेतून आणायची आहे.