तेरा वर्षांनंतरचे विजेतेपद : दक्षिण आफ्रिकेच्या वीस वर्षांखालील रग्बी संघाचे परीक्षण

इटलीतील रोविगो येथे १९ जुलै २०२५ रोजी दक्षिण आफ्रिकेच्या वीस वर्षांखालील संघाने न्यूझीलंडला २३-१५ असे हरवले आणि या वयोगटाचे जागतिक विजेतेपद मिळवले, तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. हा सामना संपेपर्यंत मी जागा होतो आणि त्यानंतर संघाचे पाचही सामने पुन्हा एकदा सावकाश पाहिले, त्यामुळे पुढचे मत निव्वळ जल्लोषाच्या भरात बनलेले नाही. बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर भर पावसात चिखलाने माखलेले खेळाडू पाहत ज्याचे बालपण गेले, त्याला दक्षिण आफ्रिकेच्या रग्बीविषयी थोडा पक्षपात असू शकतो, हे मात्र आधीच सांगून टाकतो.

या विजेतेपदाची किंमत कळण्यासाठी मागच्या दोन वर्षांकडे पाहावे लागते. २०१२ साली याच संघाने केपटाऊनमध्ये, स्वतःच्या देशात, न्यूझीलंडला २२-१६ असे हरवून पहिल्यांदा करंडक उचलला होता. त्यानंतर इंग्लंड, न्यूझीलंड आणि फ्रान्स यांनीच तो आपापसांत वाटून घेतला. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी स्पर्धा पुन्हा दक्षिण आफ्रिकेत भरली, परंतु २०२३ मध्ये यजमानांना साखळीत इटलीकडून ३४-२६ अशी हार पत्करावी लागली आणि तिसऱ्या स्थानावर समाधान मानावे लागले, तर २०२४ मध्ये अर्जेंटिना आणि इंग्लंड या दोघांकडून हरल्यामुळे संघ थेट सातव्या स्थानावर जाऊन पडला. ज्या देशाच्या वरिष्ठ संघाने २०१९ आणि २०२३ असे लागोपाठ दोन विश्वचषक जिंकले, त्याच देशाचा युवा संघ घरच्या मैदानावर सातवा यावा, हे तिथल्या रसिकांना किती झोंबले असेल, याची कल्पना करता येते.

या पार्श्वभूमीवर २०२५ साठी प्रशिक्षकपद केविन फूट यांच्याकडे आले. फूट मूळचे दक्षिण आफ्रिकेचेच, परंतु त्यांची अलीकडची कारकीर्द ऑस्ट्रेलियात घडली होती. ते मेलबर्न रेबेल्स या व्यावसायिक संघाचे मुख्य प्रशिक्षक होते आणि २०२४ मध्ये तो संघ सुपर रग्बीच्या बाद फेरीपर्यंत पोहोचला, त्याच वर्षी आर्थिक कारणांनी तो बंदही पडला. संघच बंद पडलेला प्रशिक्षक युवा संघावर येतो, तेव्हा लोक त्याला उतरणीला लागलेला समजतात. प्रत्यक्षात या नेमणुकीचा फायदा पहिल्याच सामन्यात दिसला, कारण फूट यांना ऑस्ट्रेलियाच्या मोकळ्या, धावत्या खेळाची सवय होती आणि त्यांच्या हाती आलेली मुले दक्षिण आफ्रिकेच्या शाळांमध्ये आधी जोर लावायला शिकलेली होती.

पहिला सामना २९ जून रोजी काल्विसानो येथे ऑस्ट्रेलियाविरुद्धच झाला. त्याच दिवशी मुंबईत अंधेरीच्या क्रीडासंकुलात रग्बी प्रीमियर लीगचा अंतिम सामना होता, त्यामुळे आपल्याकडच्या मोजक्या रग्बीप्रेमींचे लक्ष तिकडेच होते, आणि ते स्वाभाविकही होते. इकडे दक्षिण आफ्रिकेने ऑस्ट्रेलियाचा ७३-१७ असा फडशा पाडला. स्क्रम-हाफ हाशिम पीड याने एकट्याने चार ट्राय केले, म्हणजे चारदा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवला. नऊ क्रमांकाची जर्सी घालणाऱ्या खेळाडूचे मुख्य काम रकमधून, म्हणजे जमिनीवरच्या चेंडूभोवती होणाऱ्या झटापटीतून, चेंडू काढून पुढे देणे हे असते, स्वतः गुण मिळवणे हे त्याचे वरकड काम होय. पीड मात्र चेंडू देण्याआधी एक क्षण मान वर करतो, बचावपटूंमधली फट हेरतो आणि कोणाला कळायच्या आत त्या फटीतून निघून गेलेला असतो. असा खेळाडू प्रशिक्षकाने घडवला असे म्हणणे चूक ठरेल, परंतु त्याला तसे खेळायची मोकळीक देणे हे प्रशिक्षकाचेच काम असते आणि ते फूट यांनी केले.

पुढचा सामना गतविजेत्या इंग्लंडशी होता आणि तो ३२-२२ असा जिंकला. स्कॉटलंडवर पुन्हा ७३ गुण चढले आणि त्यांना केवळ १४ मिळाले. उपांत्य फेरीत अर्जेंटिनाला ४८-२४ असे हरवून संघाने मागच्या वर्षीचा हिशेब चुकता केला. अंतिम सामना धरून पाच सामन्यांत २४९ गुण मिळवले आणि ९२ दिले, म्हणजे प्रत्येक सामन्यात सरासरी जवळजवळ पन्नास गुणांची कमाई झाली. ही आकडेवारी डोळे दिपवणारी असली तरी तिच्यात एक मेख आहे. दिलेल्या ९२ गुणांपैकी बरोबर निम्मे, म्हणजे ४६, केवळ इंग्लंड आणि अर्जेंटिना या दोन संघांनी मिळवले. चेंडू वेगाने दोन्ही कडांना नेणाऱ्या प्रतिस्पर्ध्यासमोर या संघाचा बचाव विरळ होतो असे माझे मत झाले आहे. आतल्या बाजूला टॅकल करायला, म्हणजे चेंडू घेऊन येणाऱ्याला पकडून पाडायला, मुले उतावीळ असतात, दोघे एकाच माणसावर तुटून पडतात आणि त्याच क्षणी बाहेरची बाजू उघडी पडते. मोठा विजय पदरात पडल्यावर असल्या गोष्टींकडे दुर्लक्ष होते, म्हणून ती इथे मुद्दाम नोंदवली आहे.

या संघाची खरी ओळख मात्र स्क्रममध्येच, म्हणजे खेळ पुन्हा सुरू करताना होणाऱ्या रेटारेटीतच आहे, आणि ज्यांनी रग्बी फारसे पाहिलेले नाही त्यांनी नेमके हेच पाहावे. दोन्ही बाजूंचे आठ-आठ फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या फळीतले दणकट खेळाडू, एकमेकांना कवटाळून वाकतात, पंच 'क्राउच, बाइंड, सेट' असे पुकारतो आणि प्रत्येक बाजूचे आठशे-नऊशे किलो वजन एकमेकांवर आदळते. पहिला क्षण मानेचा आणि पाठीच्या कण्याचा असतो, परंतु निकाल ठरतो तो पायांवर. दक्षिण आफ्रिकेच्या मुलांचे पाय पाहिले तर ते लांब पावले टाकत नाहीत. गवतात बूट रोवून ती बोटभर बोटभर पुढे सरकतात, आणि तेही आठ जण एकाच वेळी. समोरचा प्रॉप, म्हणजे पहिल्या रांगेत कडेला असलेला खेळाडू, आधी खांदा वर उचलतो, मग त्याची कंबर वाकडी होते आणि पंचाचा हात वर जातो, की पेनल्टी मिळालीच. चेंडू हाती न घेता मिळालेली ही कमाई असते, कारण त्या पेनल्टीवर तीन गुणांची किक मारता येते किंवा चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याच्या कोपऱ्यात टाकून लाइनआउट, म्हणजे बाजूच्या रेषेवरून चेंडू आत फेकण्याची संधी, घेता येते. स्क्रम म्हणजे खेळ थांबवणारा कंटाळवाणा प्रकार, अशी तक्रार करणाऱ्यांनी या मुलांचे स्क्रम पाहून मग बोलावे.

वेळापत्रकही ध्यानात घ्यायला हवे. पाच सामने एकवीस दिवसांत खेळायचे होते आणि दोन सामन्यांमध्ये जेमतेम चार दिवसांची विश्रांती होती. अशा स्पर्धेत पंधरा जणांचा उत्तम संघ पुरत नाही, तीस जणांचा संघ लागतो. दक्षिण आफ्रिकेच्या वरिष्ठ संघाने राखीव खेळाडूंची फळी हेच शस्त्र बनवले आहे, आणि त्या फळीला 'बॉम्ब स्क्वॉड' म्हणायची रीत आता रग्बीच्या जगात रुळलेली आहे. २०२३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात तर राखीव आठपैकी सात फॉरवर्ड होते. युवा संघातही तीच विचारसरणी झिरपलेली दिसते. उत्तरार्धात नवे प्रॉप आणि त्यांच्या मधोमध उभा राहणारा नवा हुकर येतात आणि दमलेल्या प्रतिस्पर्ध्याला पुन्हा पहिल्या मिनिटासारखा जोर सोसावा लागतो.

अंतिम सामन्याला न्यूझीलंडचे खेळाडू फ्रान्सला नमवून आले होते. तिथे धावत्या रग्बीला फारशी जागा मिळाली नाही आणि फ्लाय-हाफ, म्हणजे दहा क्रमांकाचा सूत्रधार, व्हूसी मोयो याचा किक मारणारा पाय कामी आला. आठ गुणांची आघाडी रग्बीत विशेष अर्थाची असते, कारण एका ट्रायचे पाच आणि त्यानंतरच्या किकचे, म्हणजे कन्व्हर्जनचे, दोन असे सातच गुण होतात, त्यामुळे मागे असलेल्या संघाला एकदा नव्हे, दोनदा गुण मिळवावे लागतात. ऑस्ट्रेलियावर ७३ गुण चढवणाऱ्या मुलांनी इथे चेंडू दूर मारून, प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच अर्ध्या मैदानात कोंडून, संयमाने सामना काढला, याचे श्रेय मी त्या दोन मोठ्या विजयांपेक्षा अधिक मानतो.

कर्णधार रायली नॉर्टन याच्याबद्दल मराठी वाचकांना एक गोष्ट सांगायलाच हवी. स्क्रमच्या दुसऱ्या रांगेत खेळणारा हा लॉक फॉरवर्ड स्टेलनबॉश येथील पॉल रूस जिम्नॅशियम या शाळेतून आलेला आहे आणि तो केवळ रग्बीपटू नाही. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी बेनोनी येथे एकोणीस वर्षांखालील क्रिकेट विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात भारताविरुद्ध खेळलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या अकरा जणांत तो होता. भारताची अवस्था ४ बाद ३२ अशी झाली असताना ज्याने ९६ धावा करून सामना फिरवला, तो सचिन धस आपल्या बीडचा. बीडच्या मुलाकडून तो घाव सोसलेला नॉर्टन पुढे सतराच महिन्यांत दुसऱ्याच खेळाचा विश्वविजेता कर्णधार झाला. दोन खेळांत देशाचे प्रतिनिधित्व करणारी मुले आता दुर्मीळ झाली आहेत, कारण बहुतेक प्रशिक्षक सोळाव्या वर्षीच एकाची निवड करायला लावतात.

आता पुढचे काय? युवा संघाचे मोल करंडकावरून ठरवणे धोक्याचे आहे, हे दक्षिण आफ्रिकेनेच दाखवून दिले आहे. २०१२ च्या विजेत्या संघातून हान्द्रे पोलार्ड, पीटर-स्टेफ डू टॉय आणि स्टीव्हन किट्सहॉफ हे पुढे विश्वविजेते झाले. २०२३ च्या अंतिम सामन्यात न्यूझीलंडला १२-११ असे हरवताना बाराही गुण पोलार्डने किक मारून मिळवले होते आणि डू टॉयने तब्बल २८ टॅकल केले होते. परंतु त्याच विजेत्या संघातील अनेकांचे नाव आज तिथल्या रसिकांनाही चटकन आठवणार नाही. उलट २०२४ मध्ये सातव्या आलेल्या संघाचा कर्णधार, टाइटहेड (स्क्रमच्या उजव्या बाजूचा) प्रॉप झॅकरी पोर्थन, हा नोव्हेंबर २०२५ मध्ये वेम्बली येथे जपानविरुद्ध वरिष्ठ संघात दाखल झाला. सातव्या स्थानाचा डाग त्याच्या वाटेत आला नाही.

या पिढीतून वर कोण जाईल, याबद्दल माझा अंदाज विचाराल तर पीड आणि नॉर्टन यांच्यासोबत मी बाथोबेले ह्लेकानी याचे नाव घेईन. बॅक-रोमध्ये, म्हणजे स्क्रमच्या मागच्या रांगेत, खेळणारा हा मुलगा चेंडू घेऊन धावताना मागच्या फळीतल्या वेगवान बॅकसारखा दिसतो आणि रकमध्ये वाकल्यावर प्रॉपसारखा. मोयोबद्दल मी सावध आहे, कारण त्याच्या जागेवर वरिष्ठ संघात साशा फाइनबर्ग-म्न्गोमेझुलू नुकता कुठे स्थिरावला आहे आणि तोही तरुणच आहे. खरी अडचण गुणवत्तेची नसून वीस ते तेवीस या वयातील आहे. स्टॉर्मर्स, बुल्स, शार्क्स आणि लायन्स या चार मोठ्या संघांना दर आठवड्याला जिंकायचे असते, त्यामुळे नवख्या मुलाला मैदानावर मिनिटे मिळत नाहीत, आणि मग जपान किंवा फ्रान्समधल्या क्लबचा करार त्याला खुणावू लागतो.

शालेय पातळीवर १९६४ पासून क्रेव्हन वीक ही स्पर्धा भरते, परंतु त्यापुढच्या युवा संघाला, युरोपातील संघांना दरवर्षी सहा राष्ट्रांच्या स्पर्धेतून मिळतो तसा सराव मिळत नव्हता. २०२४ पासून दक्षिण गोलार्धातील चार देशांची वीस वर्षांखालील स्पर्धा सुरू झाल्याने ती उणीव काही अंशी भरून निघाली आहे. त्या पहिल्याच वर्षी संघ जागतिक स्पर्धेत सातवा आला हेही खरे, तेव्हा केवळ सामने वाढवून भागत नाही.

२०२६ ची स्पर्धा जॉर्जियात आहे आणि ती १६ संघांची होणार आहे. २००५ मध्ये जन्मलेली मुले वयोमर्यादेमुळे बाहेर पडतील. जॉर्जियाचे लोक स्क्रमवर जीव टाकणारे आहेत, त्यामुळे विजेत्यांचे सर्वांत मोठे शस्त्र तिथे प्रेक्षकांना नवलाचे वाटणार नाही. तोपर्यंत ज्यांना एकच सामना पाहायचा असेल त्यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्धचा ७३ गुणांचा सामना सोडून इंग्लंडविरुद्धचा पाहावा. या संघाचे स्क्रम आणि त्याच्या बचावातल्या फटी, दोन्ही त्या ऐंशी मिनिटांत एकाच वेळी नजरेस पडतात.